सहा मिनिटांत किती चालणं होतं? तीव्र लठ्ठपणात चालण्याची क्षमता मोजताना

१४० किलो वजनाची एक व्यक्ती सहा मिनिटांत ३६० मीटर चालली, असं समजा. एवढ्या आकड्यावरून काय कळतं? जवळजवळ काहीच नाही. धाप लागून तिची गती मंदावली, गुडघा धरला म्हणून ती थांबली, मांड्या घासून सोलवटल्या होत्या, की चालायची वाट आखूड होती आणि अर्धी ताकद वळण्यातच गेली? या चारही कारणांनी आकडा ३६०च येऊ शकतो आणि चारही ठिकाणी पुढचा उपाय वेगळा असतो. म्हणून मीटर मोजण्याइतकंच महत्त्व व्यक्ती कशामुळे अडली हे नोंदवण्याला आहे.

हा लेख फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा आहारोपचाराच्या कामात नव्यानं आलेल्यांसाठी आहे. भर सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीवर दिला आहे, कारण सर्वांत जास्त तीच वापरली जाते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २००२ मध्ये या चाचणीची पद्धत ठरवून दिली आणि २०१४ मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीबरोबर मिळून ती सुधारली. दोन्ही वेळा डोळ्यांपुढे मुख्यतः फुप्फुसांचे रुग्ण होते. वजन खूप जास्त असलेल्या व्यक्तीसाठी पद्धत तीच राहते, पण तयारी बरीच बदलते.

व्यक्ती येण्याआधी

सगळ्यात आधी खुर्ची बघा. चाचणीआधी दहा मिनिटं बसायचं असतं आणि मध्येच पाय गळाले तर खुर्ची लगेच मागे सरकवावी लागते. हातांची अरुंद खुर्ची इथे कामाची नाही. कमरेला दोन्ही बाजूंनी हात रुततात, उठताना धडपड होते आणि चाचणी सुरू होण्याआधीच माणूस ओशाळतो. रुंद, बिनहाताची आणि किती किलो भार पेलते हे माहीत असलेली खुर्ची ठेवा. एक सुरुवातीच्या रेषेजवळ, एक वाटेच्या मध्यावर भिंतीला लावून. हे आधीच करून ठेवायचं. समोर उभं करून ठेवून मोठी खुर्ची शोधत फिरणं म्हणजे त्या व्यक्तीचा अपमान आहे, आपला हेतू कितीही चांगला असला तरी.

वजनकाट्याचंही तेच. बरेच साधे काटे १५० किलोच्या आसपास थांबतात. काट्याची मर्यादा आधी वाचा. वजन मोजायचं ते आडोशाला, आणि आकडा मोठ्यानं वाचायचा नाही.

रक्तदाबाचा पट्टा. दंडाचा घेर टेपनं मोजल्याशिवाय पट्टा निवडू नका. २७ ते ३४ सेंटिमीटर घेराला साधा पट्टा, ३५ ते ४४ला मोठा, ४५ ते ५२ला मांडीचा पट्टा. लहान पट्टा बळेच गुंडाळला की रक्तदाब खोटा जास्त येतो. मग १५० असलेला वरचा आकडा १८०च्या पलीकडे दिसतो, चाचणी विनाकारण रद्द होते आणि त्या व्यक्तीला 'तुमचं बीपी फार वाढलंय' असं सांगून घरी पाठवलं जातं. काहींचा दंड खांद्याकडे जाड आणि कोपराकडे निमुळता असतो. त्यावर पट्टा खाली घसरतो. अशा वेळी हात छातीच्या पातळीला टेकवून कोपराखाली पट्टा बांधा आणि तसं लिहून ठेवा. तिथला आकडा दंडाच्या आकड्याशी जुळत नाही, म्हणून पुढच्या वेळीही तिथेच मोजायचं.

बोट जाड असेल तर ऑक्सिमीटरची चाप नीट बसत नाही किंवा चालताना निसटते. करंगळीला लावून बघा, नाहीतर कानाच्या पाळीला लावायचा सेन्सर घ्या. यंत्रावर दिसणारी नाडी आणि मनगटावर हातानं मोजलेली नाडी जुळते का ते आधी तपासा. जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका.

वाट

सरळ, सपाट, कडक जमिनीची ३० मीटर वाट. दोन्ही टोकांना शंकू, जमिनीवर दर ३ मीटरला खूण. एक जाणं-येणं म्हणजे एक फेरी, ६० मीटर. वाट मोजपट्टीनं मोजा, फरशा मोजून अंदाज करू नका.

'आमच्याकडे १५ मीटरचाच पॅसेज आहे, चालेल का?' हे नेहमी विचारलं जातं. हिशोब करून बघा. ४२० मीटर चालायला ३० मीटरच्या वाटेवर १३ वेळा वळावं लागतं, १५ मीटरच्या वाटेवर २७ वेळा. वजन जास्त असलेली व्यक्ती पाय फाकून, रुंद पवित्र्यात चालते. वळताना तिला आधी वेग पूर्ण कमी करावा लागतो, दोन-तीन बारीक पावलं टाकावी लागतात आणि शरीराचा भार एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. दुखरा गुडघा नेमका तिथेच बोलतो. त्यामुळे आखूड वाटेवर अंतर कमी भरतं. जागाच नसेल तर १५ मीटरवर घ्या, पण लांबी कागदावर सगळ्यात वर लिहा आणि तो आकडा ३० मीटरवरच्या आकड्याशी कधीही ताडून बघू नका. शंकूच्या पलीकडे किमान एक मीटर मोकळं ठेवा, वळण मोठं लागतं.

ट्रेडमिल हा पर्याय नाही. तिथे गती पट्टा ठरवतो, चालणारा नाही. शिवाय यंत्राची वजनाची मर्यादा असते.

कुणाची चाचणी आज घ्यायची नाही

२००२च्या मार्गदर्शिकेप्रमाणे गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा बसल्या जागी, नव्यानं किंवा वाढत जाणारं छातीचं दुखणं असेल तर चाचणी नाही. विश्रांतीत नाडी १२०च्या वर, रक्तदाबाचा वरचा आकडा १८०च्या वर किंवा खालचा १००च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

याखेरीज तीव्र लठ्ठपणात आणखी काही गोष्टी मुद्दाम बघा. एकाच पायाची पोटरी नव्यानं सुजली आहे, दुखते आहे, गरम लागते आहे का? असेल तर शिरेत रक्ताची गाठ नाही ना, याची तपासणी आधी. मधुमेह असेल तर बूट-मोजे काढून तळवे बघा. बधिर पायाखालची जखम त्या व्यक्तीला स्वतःला ठाऊक नसते, आणि खाली वाकून तळवा बघणं तिला शक्यही नसतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर चाचणीआधी साखर तपासा. बसल्या बसल्या पेंग येत असेल आणि विश्रांतीतच ऑक्सिजन कमी दिसत असेल तर श्वास उथळ पडण्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांना कळवा आणि चाचणीभर ऑक्सिमीटर काढू नका.

अगोदरच्या दहा मिनिटांत

आदल्या दोन तासांत दमवणारा व्यायाम नको. हलकं खाणं आणि नेहमीची औषधं चालतील. रोजची पादत्राणं, रोजची काठी किंवा वॉकर. 'आज जरा काठीशिवाय बघू' असं करायचं नाही. काठी वापरली हे लिहायचं. अंग गरम व्हावं म्हणून आधी चालवायचंही नाही.

व्यक्ती खुर्चीत बसलेली असताना नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन घ्या. मग बोर्गची ० ते १० ही, त्रास किती वाटतो ते आकड्यात सांगायची पट्टी हातात द्या. ० म्हणजे अजिबात नाही, ३ म्हणजे मध्यम, ५ म्हणजे जोराची, १० म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही इतकी. धाप किती आणि पायांचा थकवा किती, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. या गटासाठी तिसरा प्रश्न जोडा: दुखतंय का, कुठे आणि दहापैकी किती. गुडघा, कंबर, टाच, घोटा अशी नावं घेऊन विचारलं तर उत्तर मिळतं. नुसतं 'काही त्रास?' विचारलं तर 'नाही' येतं.

दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही. मांड्या किंवा पोटाच्या वळीखालची त्वचा घासून आग होणं, आणि चालताना लघवी थेंब थेंब सुटणं. दुसऱ्या कारणानं कितीतरी बायका जोरात चालतच नाहीत, आणि कागदावर मात्र 'दमसास कमी' असं पडतं. बाजूला घेऊन, सहजपणे विचारा: 'जोरात चालताना लघवीचा त्रास होतो का? बऱ्याच जणींना होतो. आधी जाऊन यायचंय का?' एवढ्यानं चाचणी बदलते.

चाचणी

१. सूचना प्रत्येकाला त्याच शब्दांत द्या: 'सहा मिनिटांत जमेल तितकं जास्तीत जास्त अंतर चालायचं आहे. पळायचं नाही. दम लागेल, थकवा येईल. गरज वाटली तर वेग कमी करा, थांबा, भिंतीला टेका. बरं वाटलं की लगेच पुन्हा चालू लागा.' मग स्वतः एक फेरी चालून दाखवा. 'आरामात चाला, घाई नाही' हे वाक्य दयेपोटी तोंडात येतं, पण त्यानं चाचणीच बदलते. जास्तीत जास्त अंतर चालायचं आहे, हे स्पष्ट सांगावंच लागतं.

२. रेषेवर उभं करा. पाऊल उचललं की घड्याळ सुरू. तुम्ही रेषेजवळ थांबा, बरोबरीनं चालू नका. नाहीतर वेग तुमचा होतो. तोल जाण्याची भीती असेल किंवा ऑक्सिमीटर धरायचा असेल तर अर्धं पाऊल मागे राहून चाला.

३. प्रत्येक फेरीला कागदावर एक रेघ मारा. मनात मोजलेल्या फेऱ्या पाचव्या मिनिटाला हमखास चुकतात.

४. दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य, एकाच आवाजात. पहिलं मिनिट झालं: 'छान चालताय. अजून पाच मिनिटं आहेत.' दुसरं: 'असंच चालू द्या. चार मिनिटं राहिली.' तिसरं: 'छान चालताय. निम्मं झालं.' चौथं: 'असंच चालू द्या. दोनच मिनिटं राहिली.' पाचवं: 'छान चालताय. एकच मिनिट राहिलं.' मध्ये टाळ्या नाहीत, 'अजून जोरात' नाही, गप्पाही नाहीत. उत्तेजन कमी-जास्त झालं की अंतर कमी-जास्त होतं, आणि पुढच्या वेळी दुसरं कुणी घेतलं तर तुलना संपली.

५. शेवटचे पंधरा सेकंद राहिले की सांगा: 'आता थोड्या वेळात मी थांबा म्हणेन. म्हटलं की जिथे असाल तिथेच थांबा, मी येते तुमच्याकडे.' थांबल्या जागी टाचेशी चिकटपट्टी लावा आणि खुर्ची घेऊन जा. माणसाला खुर्चीपर्यंत चालवायचं नाही.

६. लगेच धाप, पायांचा थकवा, दुखणं, नाडी, ऑक्सिजन. बोर्ग विचारताना आधीचा आकडा आठवून द्या: 'सुरुवातीला तुम्ही धाप १ म्हणाला होतात. आता?' आणि मग: 'आणखी जास्त चालता आलं नाही, ते कशामुळे?'

७. अंतर मोजा. सहा पूर्ण फेऱ्या म्हणजे ३६०, वरचे १४ मीटर, एकूण ३७४.

कुणी मध्येच थांबलं तर घड्याळ थांबवायचं नाही. ही चूक नवे लोक सर्वांत जास्त करतात. थांबलेला वेळ सहा मिनिटांतच धरला जातो. थांबलेल्या व्यक्तीकडे जा आणि बघा. हात भिंतीला आहे. खांदे वर-खाली होतायत का? एक पाय गुडघ्यात किंचित वाकवून टाच उचलून धरली आहे का? श्वास शांत असून पाय असा धरला असेल तर अडवणारी गोष्ट सांधा आहे, दम नव्हे. नोंद अशी करा: '३:४०ला थांबल्या. उजवा गुडघा ६, धाप ३. ४:०५ला पुन्हा सुरू.' ही एक ओळ डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला शेवटच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

छातीत दुखणं, असह्य धाप, पायात गोळे, झोकांड्या जाणं, एकाएकी दरदरून घाम, चेहरा पांढराफटक पडणं यांपैकी काहीही दिसलं तर चाचणी बंद करा. ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या खाली गेला तरीही बंद. घाम या गटात एरवीही जास्त येतो, म्हणून नुसता घाम आणि गार, चिकट घाम यांतला फरक हात लावून बघा.

पडण्याबद्दल नीट लक्षात ठेवा. १५० किलोचा माणूस कोसळत असेल तर एकट्यानं त्याला सावरता येत नाही. प्रयत्नात दोघंही जखमी होतात. मागून खुर्ची सरकवणं, भिंतीकडे वळवणं, डोकं आपटणार नाही एवढं बघणं इतकंच हातात असतं. उचलायला किती जण लागतील आणि उचलायचं साधन कुठे आहे हे चाचणीआधी ठाऊक असायला हवं.

दुसरी चाचणी घ्यायची का?

घ्यायची. पहिल्यांदा चालणारा माणूस ताकद राखून चालतो, वाट आणि वेळ अंगवळणी पडली की दुसऱ्यांदा जास्त चालतो. श्वसनाच्या रुग्णांत हा फरक सरासरी २५ मीटरांच्या आसपास दिसला आहे. एकदाच चाचणी घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा घेतली तर सवयीनं वाढलेले मीटर उपचाराच्या नावावर जमा होतात. २०१४च्या पद्धतीप्रमाणे दोन चाचण्या घेऊन मोठा आकडा धरायचा, मध्ये किमान अर्धा तास, आणि नाडी, ऑक्सिजन पूर्ववत झालेलं असलं पाहिजे. पण गुडघे सुजले किंवा त्वचा सोलवटली तर त्याच दिवशी दुसरी चाचणी खोटी कमी येते. मग दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला घेणं बरं.

आकड्याचा अर्थ लावताना

अपेक्षित अंतर काढायची सूत्रं आहेत. १९९८चं एनराइट आणि शेरिल यांचं सूत्र खूप ठिकाणी अहवालात आपोआप छापून येतं. स्त्रियांसाठी: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले २.११, वजा किलोतलं वजन गुणिले २.२९, वजा वय गुणिले ५.७८, अधिक ६६७. पुरुषांसाठी: उंची गुणिले ७.५७, वजा वय गुणिले ५.०२, वजा वजन गुणिले १.७६, वजा ३०९.

यात वजन वजा होतं, आणि तीव्र लठ्ठपणात नेमकी तिथेच फसगत होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४५ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची, १३० किलोची स्त्री. सूत्रानं अपेक्षित अंतर येतं ४३६ मीटर. ती ४०० मीटर चालली, म्हणजे अपेक्षितच्या ९२ टक्के. अहवाल म्हणतो, जवळपास ठीक. पण याच स्त्रीचं वजन ६० किलो धरलं तर अपेक्षित अंतर ५९७ मीटर होतं आणि तिचे ४०० मीटर म्हणजे ६७ टक्के. वजनामुळे आलेली अडचण सूत्रानं 'अपेक्षित' मानून पुसून टाकली.

पुढे तिचं वजन ९० किलोवर आलं आणि ती ४५० मीटर चालू लागली. आता अपेक्षित ५२८, म्हणजे ८५ टक्के. प्रत्यक्षात ५० मीटर जास्त चालते आहे, धाप कमी आहे आणि टक्केवारी ९२वरून ८५वर घसरली! त्या बाईंना 'तुमची क्षमता कमी झाली' असं कुणी सांगितलं तर तो घोर अन्याय आहे. म्हणून या गटात टक्केवारी बाजूला ठेवा. व्यक्तीची तुलना तिच्याच आधीच्या आकड्याशी करा, मीटरमध्ये, त्याच वाटेवर.

जोडीला अंतर गुणिले वजन हाही गुणाकार लिहून ठेवा. ४०० गुणिले १३० म्हणजे ५२,०००. ४५० गुणिले ९० म्हणजे ४०,५००. अंतर वाढलं, पण वाहून नेलेलं ओझं कमी झालं. वजन उतरल्यावर वाढलेल्या मीटरांपैकी किती हलकं झाल्यामुळे आणि किती स्नायू-हृदयाची ताकद वाढल्यामुळे, याचा अंदाज घ्यायला हा गुणाकार उपयोगी पडतो. निव्वळ अंतरावरून तो फरक दिसत नाही.

किती मीटर वाढले तर खरी सुधारणा म्हणायची? फुप्फुसांच्या जुनाट आजारांत ३० मीटरांच्या आसपासचा फरक महत्त्वाचा मानतात. तो आकडा इथे जसाच्या तसा उचलू नका. एकाच व्यक्तीचा आकडा दिवसागणिकही हलतो. १५-२० मीटरांवर आनंद किंवा चिंता करू नये. त्याच अंतराला धाप ५वरून ३वर आली किंवा एकदाही थांबावं लागलं नाही, तर ती सुधारणा आहेच.

सहा मिनिटं झेपतच नसतील तर

दोन मिनिटं चालण्याची चाचणी त्याच वाटेवर, त्याच शिस्तीत घेता येते. दोनच्या आकड्याला तीननं गुणून सहाचा आकडा काढायचा नाही; वेग टिकत नाही, हीच तर मोजायची गोष्ट आहे.

खुर्चीतून उठून ३ मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं ही वेळ मोजायची चाचणीही उपयोगी आहे. तिला हातांची खुर्ची लागते, म्हणून ती रुंदच हवी. अरुंद खुर्चीत चार सेकंद कंबर सोडवण्यात जातात आणि ते पायांच्या खात्यावर पडतात.

तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, ही चाचणी सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या बैठकीवरून, हात छातीवर घडी घालून घेतात. पोट मोठं असेल तर पुढे झुकता येत नाही आणि झुकल्याशिवाय उठता येत नाही. त्यामुळे पायात ताकद असूनही उठणी कमी भरतात. पाय थोडे फाकवून, टाचा मागे घेऊन बसायला सांगा. हात टेकल्याशिवाय उठणं झालंच नाही तर मूळ नियमाप्रमाणे गुण शून्य. शून्य लिहा, आणि खालच्या ओळीत हात टेकून किती वेळा उठता आलं तेही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघायला काहीतरी हाताशी असेल.